विषय: दोन रेकॉर्डींच्या संचात दुसरी रेकॉर्ड न मिळाल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि एकवीस वर्षांपासून झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गन वाजवतो. मार्च महिन्यात तुमच्याकडून ४,२०० रुपयांना दोन रेकॉर्डींचा एक संच घेतला. अमेरिकेचे पियानोवादक आणि रचनाकार थेलोनियस मंक (१९१७–१९८२) यांना मानवंदना म्हणून चौघा वादकांनी त्यांच्या रचना एका रात्री श्रोत्यांसमोर वाजवल्या, त्या मैफलीचं हे ध्वनिमुद्रण. सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम, एवढाच साज.

पाकिटातून रेकॉर्डी दोन निघाल्या, पण दोन्ही पहिलीच. दोन्हींवर ए आणि बी याच बाजू; दुसरीवर सी आणि डी असायला हव्या होत्या. लेबल चुकीचं चिकटलं असेल म्हणून टॉर्च धरून लेबलालगतच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला क्रमांक पाहिला. तोही एकच आहे.

त्याच रात्री तक्रार नोंदवली. पहिलं उत्तर आलं, सुई साफ करून पाहा. मग फोटो मागितले, ते पाठवले. आठ दिवसांनी कळवलं की तुमच्या पिनकोडवरून माल परत उचलण्याची सोय नाही, सबब तक्रार बंद. पैसे घेताना आणि पार्सल पाठवताना हाच पिनकोड चालला होता. फोन केला तेव्हा ५०० रुपयांचं कूपन देऊ केलं आणि विचारलं, "एक रेकॉर्ड तर नीट वाजते ना?"

वाजते. म्हणूनच जीव तळमळतो. बी बाजूच्या शेवटी सॅक्सोफोन थांबतो, पियानोही हात आखडता घेतो आणि बासवाला एकटा उरतो. ड्रमवर नुसता ब्रश फिरतोय. मागे कुणीतरी टेबलावर ग्लास ठेवल्याचा आवाज येतो. बासवाला मंक यांचीच चाल खालच्या स्वरात उलगडायला लागतो आणि तिथेच आवाज उतरत जाऊन बाजू संपते. पाकिटावर छापलंय, उरलेला भाग सी बाजूवर. ही सी बाजू मी आजवर ऐकलेली नाही. आमच्याकडे रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. मधल्या अंकात पडदा पाडून "अर्धं तर झालं ना" असं कोणी मायबाप प्रेक्षकांना म्हणत नाही.

मंक यांच्याकडून मी जागा सोडायला शिकलो. दोन सुरांच्या मध्ये ते असे थांबत की पुढचा सूर आपल्याच मनात आधी वाजतो. त्यांचीच १९५७ सालची न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधली मैफल, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन सोबतीला असलेली, लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या मोठ्या सरकारी ग्रंथालयात टेपवर पडून होती. ती २००५ साली हाती लागली आणि त्याच वर्षी लोकांसाठी बाहेर आली. इतक्या वर्षांनंतरही ती जपून बाहेर काढणारी माणसं होती. तुमच्या गोदामात तर माझ्या हक्काची दुसरी रेकॉर्ड आजही असेल.

मला कूपन नको, पैसेही परत नकोत. सी आणि डी बाजू असलेली रेकॉर्ड पाठवा. जास्तीची पहिली रेकॉर्ड मी गावच्या पोस्टातून पाठवतो, फक्त पत्ता कळवा आणि टपालखर्च द्या. तुमच्याकडून येणारी रेकॉर्ड पुठ्ठ्याच्या दोन जाड पट्ट्यांत बांधून पाठवावी ही विनंती. आमच्याकडे उन्हाळा कडक असतो, आणि पार्सल दुपारभर बंद गाडीत राहिलं तर रेकॉर्ड वाकडी होते.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार महिन्याभरात निकाली काढणं तुमच्यावर बंधनकारक आहे. ती मुदत उलटून गेली. पंधरा दिवसांत रेकॉर्ड निघाली नाही तर मी चंद्रपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करणार आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि एवढ्या रकमेला फीही लागत नाही.

सोबत पावती, दोन्ही लेबलांचे आणि कोरलेल्या क्रमांकांचे फोटो जोडले आहेत.

आपला,
एक ग्राहक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर