मा. महसूलमंत्री महोदय, माझा अर्ज पाचव्यांदा का परत आला?

सविनय नमस्कार.

वडील जाऊन ११ महिने झाले. सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. वारसनोंदीसाठी मी ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर अर्ज केला, कारण खेटे वाचतील असं शासनाने सांगितलं होतं. काल तो पाचव्यांदा त्रुटी दाखवून परत आला.

आधी मृत्यूचा दाखला अस्पष्ट. मग बहिणीचं नाव कागदावर माहेरचं, आधारवर सासरचं. त्याचं प्रतिज्ञापत्र दिलं, तर आईचं वय जुळेना. या चुका पहिल्याच दिवशी दिसत होत्या. एकदम सांगितल्या असत्या तर एका खेपेत भागलं असतं. दुरुस्ती केली की अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी! आमचा गिरणीवालासुद्धा दळण चाळायला परत दिलं तर नंबर राखून ठेवतो. आणि ऑनलाइन चढवलेले तेच कागद छापून तलाठी कार्यालयातही द्यायचे. जुनी वाट बंद न करता नवी काढलीत, आता आम्ही दोन्ही तुडवतोय.

हरकतीच्या नोटिशीचे १५ दिवस मला मान्य आहेत. भावकीतल्या माणसाला बोलायची संधी हवीच. पण माझी नोटीसच निघालेली नाही. २००५ च्या दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे फाईल साधारणपणे ७ कामाच्या दिवसांवर एका टेबलावर राहू नये. मग परत पाठवलेला अर्ज तुमच्या हिशेबात निकाली निघतो का?

नाव नाही म्हणून सोसायटीने पीककर्ज नाकारलं. शेतकरी ओळख क्रमांक अडला. बियाणं उसनवारीवर आणलं. कार्यालयाच्या पायरीवर बसून आईने मला विचारलं, "तुझ्या बापाचं आपण कुणीच नव्हतो का रे?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

कुणी खोटी नोंद केली की तुमचं खातं एक कागद वाढवतं, जुना मात्र कधी काढत नाही. २०१५ साली सेवेचा हक्क दिलात, २०२४ मध्ये तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी केलंत. टेबलं तेवढीच राहिली. मृत्यूची नोंद शासनाकडे, रेशनकार्ड शासनाचं, जमिनीचं दप्तरही शासनाचंच. मग एका खात्याचा कागद दुसऱ्या खात्यात मी का वाहायचा?

सोमवारी आईला घेऊन पुन्हा जातोय. उरलेल्या सगळ्या त्रुटी एकाच कागदावर सहीशिक्क्यानिशी लिहून द्या, एवढं तलाठी कार्यालयाला सांगा.

आपला,
सातबाऱ्यावर नसलेला एक वारस