लोटलीच्या फाट्यावरून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांवरचा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा खुशीनं, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. त्यात असं म्हटलंय की मारिओंचा गोवा म्हणजे बाल्कांव (घरापुढची बसायची ओसरी), पाद्री आणि लग्नातला बँड. फोंडा-पेडण्याच्या मराठी वाचकाला त्यात आपलं काही सापडत नाही. मी फोंड्याचा. मला सापडलं. कुठं, तेवढं सांगतो.

फोंडा-मडगाव मार्गावर खासगी बसला मी सत्तावीस वर्षं कंडक्टर होतो. बोरीचा पूल ओलांडला की लोटलीचा फाटा येतो, मारिओंचं गाव. त्या फाट्यावर हजारो माणसं उतरवली, पण स्वतः उतरून त्यांच्या दारात जायचं धाडस काही झालं नाही. ११ डिसेंबर २०११ ला ते गेले, त्याच घरात. यंदा त्यांची शंभरी: जन्म २ मे १९२६, तोही दमणला.

आता बसमधल्या गर्दीचं. चित्रात गर्दी काढायची झाली की आम्ही हौशी लोक पुढची चार माणसं नीट काढतो आणि मागे नुसती गोल डोकी. मारिओ तसं करत नाहीत. मागच्या कोपऱ्यातल्या माणसालाही नाक असतं, आणि ते त्याचंच असतं. टपोरे डोळे प्रत्येकाचे वेगळ्या दिशेला. हे कसं जमतं ते गर्दीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सकाळच्या साडेसातच्या फेरीला माझ्याकडे बोनेटवर पाटी ठेवणारी मासळीवाली असायची, बसमध्येही छत्री न मिटणारे एक मास्तर असायचे, आणि फुडें वच, फुडें वच (पुढं सरक) म्हणून मी ओरडलो की नेमका मागे सरकणारा एक कारकून. त्यांच्या चित्रांत हे सगळे मला भेटतात. कोण चर्चला निघालाय आणि कोण मंगेशीला, हे तिकीट फाडताना मी कधी विचारलं नाही. चित्र बघतानाही विचारावंसं वाटलं नाही.

दुसरं म्हणजे त्यांच्या चित्रांतला तो पुढारी, बंडलदास. इंग्रजी वाचणाऱ्याला ते नुसतं गमतीदार नाव. 'बंडल मारतो' म्हणजे काय, ते आपल्याला सांगावं लागत नाही. मग तो विनोद कोणाचा जास्त?

लेखकाचं अर्धं म्हणणं मात्र मला पटतं. मारिओ आता फ्रिजवरच्या चुंबकात नि चहाच्या मगावर अडकलेत. त्यांच्या चित्रांतली नटी मिस निंबूपाणी पर्यटकाच्या पिशवीतून दिल्लीला जाते. पण त्यात त्यांचा काय दोष? ज्याला बघायचं त्यानं पणजीच्या बाजारात जावं. भिंतीवर त्यांची माणसं आहेत आणि खाली तसलीच माणसं वांग्यांचा भाव पाडून मागत असतात. मी तिथं भाजी घेताना दोनदा सुटे पैसे विसरून आलोय. नाहीतर रेइश मागूशच्या किल्ल्यात त्यांची चित्रं मांडलेली आहेत, तिथं शाळेची सहल न्यावी. पोरांना एवढंच सांगावं की हा माणूस लहानपणी घराच्या भिंती खराब करायचा, म्हणून आईनं वही आणून दिली. पुढं मुंबईत इतिहास घेऊन बीए केलं, चित्रकलेच्या शाळेत नव्हे. १९४९ ते ५१ या तीन वर्षांच्या त्यांच्या चित्रांच्या रोजनिश्या छापल्या आहेत. त्यांत भोवतालचीच माणसं आहेत. तेव्हा कसला पर्यटक आला होता गोव्यात?

मीही काढायचो. मडगावच्या स्टँडवर वीस मिनिटं थांबा असायचा, तेवढ्यात तिकीट-बुकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर, बॉलपेननं. नाक आधी. नाक बसलं की माणूस बसतो. एका मराठी दैनिकानं (नाव नको, बरीच वर्षं झाली) तीन वर्षं माझं चौकटीतलं चित्र छापलं, एका चित्राला पंचवीस रुपये. मग त्या जागी सोनाराची जाहिरात आली. विचारायला गेलो तर म्हणाले, नंतर बघू. ते नंतर अजून यायचं आहे.

म्हणून विनंती. शंभरीच्या निमित्तानं मारिओंवर पानभर लेख छापाच, पण पहिल्या पानाच्या तळाशी एक कॉलम रुंद, दोन इंच उंच जागाही मोकळी ठेवा. रोज नको, आठवड्यातून दोनदा चालेल. वाळपईचा कोणी शिक्षक असेल, म्हापशाच्या बाजारातली कोणी पोर असेल, मोबाईलवर काढणारं असेल. चेहरे त्यांच्याच गल्लीतले हवेत, बाहेरून विकत आणलेलं तयार चित्र नको.

सोबत माझे तीन पुठ्ठे जोडले आहेत. छापायलाच हवेत असं नाही. छत्रीवाले मास्तर तिसऱ्यात आहेत. परत पाठवताना घडी घालू नये, पुठ्ठा जुना आहे, मोडतो.

आपला,
एक निवृत्त बस कंडक्टर, फोंडा