थीम पार्कच्या सहलीचा बेत तिकिटाभोवती नको, घरातल्या माणसांभोवती आखावा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीची बोलणी सुरू होतात, आणि गडकिल्ले, कोकण, देवदर्शन यांच्या जोडीने आता त्यांत थीम पार्कचेही नाव हटकून निघते. 1989 साली गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले तेव्हा मुंबईबाहेरच्या मुलांना ते केवळ दूरदर्शनवरच्या जाहिरातीतून ठाऊक होते. 2013 साली खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झाल्यापासून मात्र पुण्या-मुंबईच्या कुटुंबांना सकाळी निघून रात्री घरी परतता येईल अशा अंतरावर एक मोठे उद्यान आले. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. शाळेच्या सहलींबरोबर आणि पुढे लेक, जावई व नातवंडांबरोबर मी अशा उद्यानांत पुष्कळदा गेले आहे. दुपारी तीनच्या सुमारास तिथे रडवेली मुले, बाकावर मान टाकून बसलेले आजी-आजोबा आणि एकमेकांवर चिडलेले आईवडील जागोजागी दिसतात. या चिडचिडीचे मूळ बहुतेक वेळा आदल्या आठवड्यात घरी न झालेल्या विचारात असते, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आपल्याकडे सहलीचा बेत तिकिटाच्या पैशांभोवती आखला जातो. चार-पाच माणसांच्या तिकिटांचे काही हजार रुपये भरले की ते ‘वसूल’ झाले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक राइडमध्ये प्रत्येकाने बसलेच पाहिजे, अशी एक सक्ती घरातला कर्ता माणूस नकळत सर्वांवर लादतो. माझ्या मते बेत घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे आणि सर्वांत वयस्कर माणसाकडे पाहून आखावा, कारण त्या दोघांचा दिवस बरा गेला तर मधल्या सर्वांचा आपोआप बरा जातो.

पहिली गोष्ट उंचीची. मोठ्या रोलर कोस्टरसाठी, आणि कित्येक मध्यम राइडसाठीही, किमान उंचीची अट असते आणि ती सेंटिमीटरमध्ये मोजली जाते. सुरक्षेचा पट्टा किंवा खांद्यावरून खाली येणारा दांडा ठरावीक उंचीच्या शरीरालाच नीट धरून ठेवू शकतो, म्हणून ही अट असते, आणि तिच्यात सूट मागणे म्हणजे आपल्याच मुलाचा जीव धोक्यात घालणे आहे. असे असूनही, तासभर रांगेत उभे राहून पुढे पोहोचल्यावर मोजपट्टीखाली मूल दोन बोटे कमी भरते आणि वडील तिथल्या तरुण कर्मचाऱ्याशी हुज्जत घालतात, हा प्रकार सर्रास दिसतो. त्या मुलाच्या मनाला काय वाटत असेल याचा विचार करावा. निघण्याच्या आदल्या आठवड्यात मुलाला चपला काढून भिंतीशी उभे करावे, उंची लिहून ठेवावी, उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट पाहावी आणि ‘या चार तुझ्या, त्या दोन अजून दोन वर्षांनी’ असे त्याच्याशी घरीच बोलून घ्यावे. मुले नकार पचवतात. त्यांना तो ऐनवेळी चारचौघांत मिळाला की मात्र पचत नाही. बऱ्याच ठिकाणी बालकांचे तिकीटही वयावर न ठरता उंचीवर ठरते, तेव्हा हे माप तिकीट काढतानाही उपयोगी पडते.

भीतीचेही तसेच आहे. उंची पुरेशी असली म्हणजे मन तयार असतेच असे नाही. इमॅजिकातील ‘नायट्रो’सारखा उघड्यावरचा मोठा रोलर कोस्टर निदान खालून दिसतो, त्यामुळे नको म्हणायला मुलाला वाव मिळतो, पण ‘डीप स्पेस’सारखा अंधारात धावणारा कोस्टर किंवा ‘सलीमगड’सारखा भुताखेतांचा प्रकार आत शिरल्यावरच कळतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘काही होत नाही रे’ म्हणून ओढत आत नेऊ नये. एकदा घाबरलेले मूल उरलेला सबंध दिवस पाळण्यातसुद्धा बसायला तयार होत नाही, हे मी शाळेच्या सहलींत अनेकदा पाहिले आहे. नेण्यापूर्वी घरी थोडी ओळख करून दिली तर भीतीची जागा कुतूहल घेते. इमॅजिकात ‘राजासॉरस’ नावाची बोटीची राइड आहे. राजासॉरस हा खराखुरा भारतीय डायनासोर असून त्याचे जीवाश्म गुजरातमध्ये सापडले आणि 2003 साली त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे शास्त्रीय नाव मिळाले, एवढे जरी आदल्या रात्री सांगितले तरी मुले त्या बोटीत निराळ्याच डोळ्यांनी बसतात. (या राइडमध्ये अंगावर पाणी उडते, म्हणून ती उन्हे असतानाच करावी आणि मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा.)

आता एका खास आपल्याकडच्या सवयीविषयी लिहिते. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आणि त्याच रस्त्याने पुढे पालीचा बल्लाळेश्वर, असे अष्टविनायकांतील दोन गणपती वाटेवरच येतात. त्यामुळे ‘एवढे जातोच आहोत तर दोन्ही दर्शने करून घेऊ’ असा विचार घरातली मोठी माणसे करतात, आणि तो स्वाभाविकही आहे. पण सुट्टीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत सकाळ जाते, उद्यानात पोहोचेपर्यंत ऊन डोक्यावर येते आणि मुलांचे लक्ष देवाकडेही नसते व पुढे खेळाकडेही उरत नाही. दर्शन आणि उद्यान यांना दोन वेगळे दिवस द्यावेत. पहिल्या दिवशी दुपारनंतर निघून महड आणि पाली करावे, रात्री खोपोली किंवा पाली परिसरात साध्या ठिकाणी मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आधी उद्यानाच्या फाटकाशी असावे. मुक्कामाचा खर्च वाढतो हे खरे. परंतु शनिवार-रविवारी आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांत द्रुतगती मार्गावर बोरघाटात जी कोंडी होते, तीत पहाटेपासून अडकलेले कुटुंब उद्यानात पाऊल टाकण्यापूर्वीच दमलेले असते. घाटाच्या वळणांवर ज्या मुलांना मळमळते, त्यांना तर उतरल्याबरोबर गोल फिरणाऱ्या राइडमध्ये बसवूच नये.

दिवस कोणता निवडावा याविषयी एक सूचना करावीशी वाटते. ‘आठवड्याच्या मधल्या वारी गर्दी नसते’ असे सर्वजण सांगतात, पण दिवाळीनंतर शाळा उघडल्या की थेट फेब्रुवारीपर्यंत शालेय सहलींचा हंगाम असतो, आणि त्या काळात बुधवारीसुद्धा वाहनतळावर एसटीच्या गाड्यांची रांग लागलेली असते. दिवाळीच्या सुट्टीतच जायचे असेल तर भाऊबीज झाल्यावरचे लगेचचे दोन-तीन दिवस टाळावेत आणि सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यातला मंगळवार किंवा बुधवार धरावा. एप्रिल-मे महिन्यांत घाटाखालचा उकाडा वृद्धांना सोसत नाही. पावसाळ्यात गर्दी खरोखरच कमी असते आणि डोंगरांवरून उतरणारे धबधबे पाहून मन प्रसन्न होते, मात्र विजा चमकू लागल्या किंवा पावसाचा जोर वाढला की उघड्यावरच्या मोठ्या राइड बंद ठेवाव्या लागतात. तेव्हा पावसाळ्यातले तिकीट काढण्यापूर्वी तारीख बदलून मिळते का, हे लेखी अटींत वाचून घ्यावे.

तिकिटाबाबत सांगायचे तर, जाहिरातीत दिसणारी किंमत कराशिवायची आहे की करासह, हे आधी पाहावे. थीम पार्कवरचा जीएसटी 2018 च्या जानेवारीत 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला, तरीही पाच जणांच्या कुटुंबाला 18 टक्के म्हणजे जवळजवळ आणखी एका माणसाचे तिकीट होते. थीम पार्क आणि शेजारचे वॉटर पार्क यांची तिकिटे निरनिराळी असतात, आणि दोन्ही एकाच दिवसात उरकणारे जोडतिकीट स्वस्त दिसले तरी लहान मुले बरोबर असताना ते घेऊ नये. दोन्ही ठिकाणे धड होत नाहीत, शिवाय ओल्या अंगाने मुले रांगांत कुडकुडतात. रांग टाळण्याचे जादा पैशांचे तिकीटही मिळते. ते गर्दीच्या दिवशी आणि फक्त मोठ्या मुलांसाठी घ्यावे, कारण आजीने ज्या राइडमध्ये बसायचेच नाही तिच्या रांगेचे पैसे भरण्यात काही अर्थ नाही.

प्रत्यक्ष दिवसाची आखणी तशी सोपी आहे. फाटक उघडताच बहुतेक लोक समोर दिसेल त्या पहिल्या राइडकडे धावतात. त्याऐवजी नकाशा पाहून जिची रांग दिवसभर सर्वांत लांब असते अशी एक राइड आधी गाठावी, आणि त्याच वेळी घरातल्या दुसऱ्या जोडीने लहानग्यांना छोट्या खेळांकडे न्यावे. दुपारी बारा ते चारच्या दरम्यान छपराखालच्या, वातानुकूलित राइड आणि चित्रदालने करावीत. जेवण साडेअकराला उरकले तर जागाही मिळते आणि पोट हलके असताना पुढचे खेळही सोसतात. तिखट मिसळ किंवा वडापाव खाऊन लगेच कोस्टरमध्ये बसू नये. बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक उद्यानांत नेऊ देत नाहीत, म्हणून धपाटे-पुऱ्यांची शिदोरी गाडीत ठेवून येता-जाता खावी. तान्ह्या मुलाचे खाणे आणि मधुमेही व्यक्तीचा औषधी आहार यांना परवानगी आहे का, हे मात्र आधी दूरध्वनी करून विचारावे.

घरातल्या वयस्कर माणसांविषयी मला थोडे कळकळीने लिहावेसे वाटते. आजी-आजोबांना बरोबर नेले जाते ते प्रेमानेच, पण तिथे गेल्यावर त्यांचे काम पुष्कळदा पिशव्या सांभाळण्याचे होऊन बसते. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे दुखणे किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असलेल्यांना, तसेच गर्भवती स्त्रियांना मोठ्या राइड वर्ज्य असतात, आणि ते योग्यच आहे. पण म्हणून त्यांच्यासाठी काहीच नसते असे नाही. शांत गतीच्या गाड्या, बसून पाहायचे कार्यक्रम आणि संध्याकाळची मिरवणूक यांचा त्यांना मनापासून आनंद घेता येतो, फक्त त्यांच्या वेळा सकाळीच लिहून घ्याव्या लागतात. पिशव्या लॉकरमध्ये ठेवाव्यात आणि त्याचे भाडे तिकिटाचाच भाग समजावे. चाकाची खुर्ची मिळत असल्यास ती संकोच न करता घ्यावी. दिवसभराची पायपीट गुडघे दुखणाऱ्यांना झेपत नाही. नऊवारी किंवा साधी साडी नेसूनही कोरड्या उद्यानात फिरता येते, परंतु पदर आणि ओढणी राइडच्या चाकांत अडकू शकते, म्हणून ती खोचून घ्यावी. पाण्याच्या भागात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनसारख्या कापडाचाच पोशाख लागतो, हे घरातल्या बायकांना कोणीही आधी सांगत नाही आणि मग त्या काठावर बसून राहतात. बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा असा पोशाख बाजारात मिळतो. तो आधी विकत घेतला तर भाड्याचे कपडे घालावे लागत नाहीत.

मूल चुकू नये म्हणून सकाळी फाटकाशीच त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढावा, दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी खिशात ठेवावी आणि ‘चुकलास तर गणवेशातल्या काकांकडे जायचे, फाटकाबाहेर जायचे नाही’ हे दोनदा म्हणवून घ्यावे.

आपल्या दैनिकामार्फत उद्यानांच्या व्यवस्थापनांनाही एक विनंती करावयाची आहे. देखभालीसाठी किंवा हवामानामुळे त्या दिवशी ज्या राइड बंद असतील त्यांची यादी तिकीट खिडकीवर आणि ऑनलाइन तिकिटाच्या पानावर, पैसे घेण्यापूर्वी आणि मराठीत लावली जावी. उंचीची मोजपट्टी पुष्कळदा रांगेच्या शेवटी, राइडच्या तोंडाशी असते, ती रांगेच्या सुरुवातीलाही असावी आणि एक मुख्य फाटकाशी असावी. सुरक्षेच्या सूचना इंग्रजी-हिंदीबरोबर मराठीतूनही ऐकवाव्यात, कारण ग्रामीण भागातून शाळेबरोबर येणाऱ्या मुलांना त्या खरोखर कळायला हव्यात. त्याचबरोबर, खोपोली रेल्वे स्थानकापर्यंत लोकलने येणाऱ्या ज्या कुटुंबांकडे स्वतःची गाडी नाही, त्यांच्यासाठी एसटी महामंडळाने सुट्टीच्या दिवसांत स्थानक ते उद्यान आणि संध्याकाळी उद्यान ते स्थानक अशा ठरलेल्या वेळांच्या फेऱ्या सोडाव्यात आणि त्यांचे वेळापत्रक दिवाळीपूर्वी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, चिंचवड, पुणे