चिंचोक्यांवर जाहिरात शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या बचत गटाला ऑनलाइन जाहिरात शिकवायला तुमच्याआधीही माणसं येऊन गेली. पडद्यावर स्लाइड, मधे चहा, शेवटी ग्रुप फोटो. सीपीसी (एका क्लिकमागचा खर्च), सीटीआर (जाहिरात दिसलेल्यांपैकी किती टक्के क्लिक करतात) वहीत उतरलं आणि वहीतच राहिलं. तुम्ही आलात त्या चिंचोक्यांची पिशवी घेऊन. म्हणून हे आभार चारचौघांत मानतेय.

‘कोकम सरबत’ या शब्दाचा लिलाव होता, म्हणजे गूगलवर कुणी तो शब्द शोधला की कोणाची जाहिरात वर दिसायची याचा; पैशांच्या जागी चिंचोके. आम्ही मालवणच्या, मासळीचा लिलाव बघतच वाढलो. जास्त बोलेल त्याची टोपली, एवढंच ठाऊक. म्हणून एकीने तावातावाने १० चिंचोके लावले, दुसरीने ८. मग तुम्ही दोघींच्या जाहिरातींना गुण दिलेत. शोधलेल्या शब्दाशी जाहिरात जुळते का, लोक तिच्यावर क्लिक करतील का, क्लिक केल्यावर उघडणारं पान धड आहे का? पहिलीला ४, दुसरीला ७. दहा चोक चाळीस, आठ साते छप्पन्न. आठवाली वर! वर तिच्याकडून घेतलेत सहाच, कारण सात सक बेचाळीस, चाळिसाला मागे टाकायला तेवढे पुरेत. गूगलचा खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत. पण पैसा ओतला की जाहिरात वर जाते, हा आमचा समज त्या दुपारी गेला तो गेलाच.

गाळायच्या शब्दांचे, म्हणजे जे शोधल्यावर आपली जाहिरात दिसूच नये अशा शब्दांचे, पत्ते तर अजून आमच्या कपाटात आहेत. ‘कोकम रोप’ शोधणारा क्लिक करणार, बाटली घेणार नाही आणि पैसे आपले जाणार, म्हणून तो पत्ता बाद. यावर सगळ्यांचं एकमत. भांडण झालं ते ‘कोकम सरबत कृती’वरून. ज्याला कृती हवी तो घरीच करणार, असं एकीचं म्हणणं; मुंबईत रतांबे (कोकमाची फळं) कुठून आणणार, तो शेवटी आपलीच बाटली घेईल, असं दुसरीचं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दोन्ही बाजूंनी एकेक डाव खेळवलात आणि उरलेले चिंचोके मोजायला लावलेत.

फोनवरची ती ताऱ्यांची प्रश्नमंजूषा मात्र मला भावली नाही, खरं सांगते. जी आधी बोट दाबेल तिला जास्त गुण; विचार करून उत्तर देणारी मागेच. आमच्यातल्या वयस्कर बायका तिथे हिरमुसल्या. चिंचोक्यांच्या डावात त्याच जिंकत होत्या, कारण कुठे हात आखडायचा हे त्यांना संसारातून ठाऊक.

हरलेलीला तुम्ही दर डावानंतर विचारायचात, “आता काय बदलाल?” खरं शिकणं तिथे झालं. आता जाहिरात लावताना रोजच्या खर्चाची मर्यादा आणि गाळायचे शब्द आम्ही आधी कागदावर लिहितो, मगच फोन हातात घेतो.

कुडाळकडचा एक गट हा खेळ शिकवा म्हणून मागे लागलाय. काजूगर विकतात त्या. त्यांच्यासाठी शब्दांचे नवे पत्ते करायला हवेत. आम्ही कच्चे लिहिले आहेत, पाठवते. सवडीने नजर टाकाल का? चिंचोक्यांची सोय आमच्याकडे.

तुमची,
मालवणच्या गटातली एक