सालीचा अर्क: प्लेटमधला झोन आणि उघडी जखम

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विज्ञान दिन आला की महाविद्यालयांतल्या प्रकल्पांच्या बातम्या येतात आणि त्यांत फळांच्या सालींवरचा एक तरी असतोच. सोलापूर भागात तो अर्थातच डाळिंबाचा. ‘सालीच्या अर्काने जंतू मरतात, जखमा लवकर भरतात’ असा मथळा ठरलेला. यातला पहिला भाग पेट्री प्लेटपुरता, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवायच्या बशीपुरता, खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही. मथळा वाचून कोणी सालीची पूड मधुमेही पायाच्या जखमेवर दाबू नये, म्हणून हे पत्र.

डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर असते, त्यातले मुख्य प्युनिकॅलॅजिन. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरते, म्हणून तर ही साल कातडी कमावायला आणि सूत रंगवायला वापरत आले आहेत. जंतूंची प्रथिनेही ते तसेच धरते. जखमा पिकवणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू त्याला लवकर दबतो. सुडोमोनास या दुसऱ्या जंतूला मात्र बाहेरून आणखी एक आवरण असल्याने तो बराच टिकतो, आणि भाजलेल्या जखमांत छळतो तो हाच.

आता चाचणीविषयी. अ‍ॅगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) जंतू पसरून तिच्यातल्या छोट्या खड्ड्यांत, म्हणजे ‘विहिरीं’त, अर्क घालतात. भोवती जंतू न वाढलेले वर्तुळ उमटते, तो झोन. साल सावलीत कडक वाळवायची, दळून १० ग्रॅम पूड १०० मिलिलिटर ७० टक्के इथेनॉलमध्ये २४ तास हलवत ठेवायची, गाळायची आणि ४० ते ५० अंशांवर द्रावक पूर्ण उडवायचे. घोळ इथेच सुरू होतो. इथेनॉल मागे राहिले तर जंतू त्यानेच मरतात आणि श्रेय सालीला जाते. म्हणून एका विहिरीत फक्त द्रावक हवे. अर्क आंबट असतो. त्याचा सामू (पीएच) ७ वर आणून पुन्हा तपासले नाही, तर झोन सालीचा की आम्लाचा हे कळत नाही. शिवाय टॅनिनचे मोठे रेणू अ‍ॅगरमध्ये नीट पसरत नाहीत. त्यामुळे ‘संत्र्याचा झोन १८ मिलिमीटर, डाळिंबाचा १४, म्हणून संत्रे सरस’ हा निष्कर्ष चुकीचा.

आणखी एक गोष्ट प्रकल्प-अहवालांत क्वचितच दिसते. डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी बागेत स्ट्रेप्टोसायक्लिन आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचे संयुग) फवारत आले आहेत. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे प्रतिजैविकच, आणि तांबेही जंतू मारते. बाजारातून आणलेल्या सालीवर त्यांचे अंश राहिले असतील तर झोन कुणाचा मोजला? (तेल्या हा जिवाणूजन्य रोग. ‘जंतुनाशक’ सालीवरच त्याचे तेलकट डाग पडतात, हेही लक्षात असू द्यावे.) फवारणी न केलेली फळे घ्यावीत, वाण आणि बहार नोंदवावा.

झोनपेक्षा किमान रोधक मात्रा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा, काढणे बरे. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये अर्क दर खाचेला निम्मा करत न्यायचा आणि जंतूंची वाढ कुठे थांबते ते पाहायचे. अर्काच्या तपकिरी रंगामुळे गढूळपणा दिसत नाही म्हणून मुले रेझाझुरिन हे रंगद्रव्य घालतात. जिवंत जंतू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण सालीतले पॉलिफिनॉल (टॅनिन त्यांतलेच) जंतूंशिवायही तो रंग पालटू शकतात. तेव्हा जंतू न घातलेली, नुसत्या अर्काची रांग हवी, आणि शेवटी प्रत्येक खाचेतला थेंब नव्या अ‍ॅगरवर टाकून खात्री करावी. अशा कच्च्या अर्काची मात्रा बहुधा मिलिलिटरला मिलिग्रॅममध्ये येते, प्रभावी प्रतिजैविकांची मायक्रोग्रॅममध्ये. हजारपटींचा हा फरक बातमीत यायला हवा.

जखमेत तर चित्रच बदलते. तिथे रक्तद्रव असतो, त्यातली प्रथिने टॅनिनला आधीच अडकवून ठेवतात आणि जंतूंसाठी फारसे उरत नाही. जंतू वाढवायच्या माध्यमात रक्तद्रव मिसळून चाचणी केली की हे लगेच दिसते. टॅनिनचा जखमेवरचा प्रयोग जगाने करूनही पाहिला आहे. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या डॉ. डेव्हिडसन यांनी भाजलेल्या जखमांवर टॅनिक आम्ल वापरले. जखमेवर कडक कवच धरे, म्हणून ते बरीच वर्षे लोकप्रिय होते. पुढे यकृताला इजा होते असे दिसल्यावर १९४० च्या दशकात ते मागे पडले. साल म्हणजे शुद्ध टॅनिक आम्ल नव्हे, पण ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

वनस्पतींचा उपयोग होत नाही असे नाही. मुंबईत डॉ. केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरली, पुढे डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची. दोन्ही उपयोगी पडल्या त्या औषध म्हणून नव्हे, तर जखमेला न चिकटणारे, ओल टिकवणारे आच्छादन म्हणून. आणि वापरल्या त्या निर्जंतुक करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरी नुसते उकळून धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपे) मरतील याची खात्री नसते. त्यासाठी १२१ अंशांची दाबाची वाफ लागते. उन्हात वाळवलेल्या पुडीत ते असू शकतात.

उंदरांवरच्या आकड्यांबाबतही जपून. त्यांची सैल कातडी आक्रसून जखम मिटते, आपली मुख्यतः नवी त्वचा सरकून भरते. उंदराचे दिवस माणसाला लावू नयेत.

तेव्हा पुढची अशी बातमी छापताना तीन गोष्टी विचाराव्यात: चाचणी प्लेटमध्ये, उंदरावर की माणसावर? नुसत्या द्रावकाचा झोन किती आला? रोधक मात्रा किती? उत्तरे मिळाली नाहीत तर मथळ्यातून ‘जखम’ हा शब्द काढावा.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन शिक्षक, सोलापूर