आरओवाल्या मामांना, इग्वाना पाळणाऱ्यांचं पत्र

सोलापूर

मामा, सप्रेम नमस्कार.

घराघरातली पाणी शुद्ध करायची आरओ मशीनं दुरुस्त करणं हा तुमचा धंदा. त्याच मशीनच्या सुट्या भागांतून इग्वाना या मोठ्या सरड्याच्या पिंजऱ्यात बारीक फवारा बसवता येतो, हे तुम्ही समजावून दिलंत. त्याचे आभार चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे पत्र उघड लिहितोय. तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं यात लिहून ठेवलंय, म्हणजे उन्हाळा लागला की नव्याने धडपडणाऱ्यांनाही ते सापडेल.

हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या पाण्याकाठच्या झाडांवरचा प्राणी. त्याला हवेत साधारण 65 ते 80 टक्के ओलावा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा 40 च्या वर असतो आणि ओलावा 30 टक्क्यांच्याही खाली जातो. अशा हवेत कात नीट सुटत नाही. बोटांवर आणि शेपटीच्या टोकाला तिची कडी अडकून राहतात, रक्त पोचत नाही आणि ते टोक वाळून गळून पडतं. अंगात पाणी सतत कमी राहिलं तर मूत्रपिंडं खराब होतात, आणि ते दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. हाताने स्प्रे मारून भागत नाही, कारण कोरड्या हवेत तो ओलावा अर्ध्या तासाच्या आत उडून जातो. सूत तुटू नये म्हणून कापडाच्या गिरण्यांत हवा ओलसर ठेवतात, हे या शहराला नवं नाही. इथे सुताच्या जागी जिवंत कातडी आहे.

पंपाच्या गप्पा सुरू होण्याआधी तुम्ही विचारलंत, पाणी बाहेर कुठून जाणार? खरं तर सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. 0.3 मिमी भोकाचं एक नोझल दाबानुसार मिनिटाला साधारण 40 ते 80 मिली पाणी सोडतं. नेमकं किती, ते स्टीलच्या पेल्यात एक मिनिट धरून मोजायचं. 60 मिली धरलं तर चार नोझल, दिवसातून एकूण सहा मिनिटं, म्हणजे जवळपास दीड लिटर. यातलं काही उडतं, उरलेलं तळाशी साचतं. साध्या प्लायचा तळ अशाने काही महिन्यांत फुगतो आणि काळा पडतो. म्हणून तळाला एका कोपऱ्याकडे इंचभर उतार, त्यावर फायबरचा किंवा इपॉक्सीचा थर, कोपऱ्यात बेसिनचं वेस्ट कपलिंग (पाणी खाली सोडणारा जोड) आणि खाली झाकणाची बादली. हे आधी करायचं, फवारा नंतर.

पंप 24 व्होल्टचा, 100 जीपीडीचा (गॅलन दर दिवशी) बूस्टर, म्हणजे मशीनमध्ये पाण्याचा दाब वाढवणारा. त्यावरचा आकडा बघून गोंधळ होतो. 100 जीपीडी म्हणजे मेम्ब्रेनमधून, मशीनमधल्या गाळणाऱ्या पडद्यातून, दिवसाला निघणारं सुमारे 378 लिटर पाणी. पंप स्वतः त्याहून बरंच जास्त ढकलतो, म्हणून चार ते सहा नोझल तो आरामात चालवतो. अडॅप्टर अडीच अँपिअरचा घ्यावा, सोलेनॉइड (विजेवर उघडणारी-मिटणारी झडप) त्याच्यावरच चालवायचा असतो. नोझल एक-दोनच लावले तर उलटा त्रास होतो: दाब 100 पीएसआयच्या (पाण्याच्या दाबाचं माप) पुढे चढतो आणि एखादा जोड सुटून खोलीभर पाणी होतं. अशा वेळी टी (तीन तोंडांचा जोड) लावून एक पाइप कॉकमधून परत टाकीत सोडायचा आणि तो कॉक हळूहळू आवळत फवारा बारीक होईल तिथे थांबायचं. ठिबकच्या दुकानातले फॉगर (शेतातले धुकं पाडणारे नोझल) इथे चालत नाहीत. चार तोंडांचा एक फॉगर एकटाच तासाला वीस-पंचवीस लिटर मागतो, एकाहून जास्त लावले की पंपाचा दाब पडतो आणि धुक्याऐवजी थेंबांची धार लागते.

पाव इंची पाइप कात्रीने कापायचा नाही, ही तुमची ताकीद सोन्यासारखी आहे. कात्रीने तोंड चपटं होतं, जोडातल्या ओ-रिंगवर (रबरी कडीवर) नीट बसत नाही आणि गळती तिथूनच होते. नवं ब्लेड, काटकोनात एकच काप, पाइप टेकेपर्यंत आत, मग क्लिप. टेफलॉन टेप फक्त पंपाच्या आणि फिल्टरच्या आट्यांवर. नोझलला ओ-रिंग असते, तिथे टेफलॉन गुंडाळलं की त्याचा धागा तुटून आतल्या भोकात अडकतो. नवी लाइन जोडल्यावर नोझल लावण्याआधी दोन मिनिटं पाणी बादलीत सोडायचं, म्हणजे कापताना पडलेला प्लास्टिकचा कीस निघून जातो.

पंप बंद झाल्यावरही नोझल टपकत राहतात. त्याची कारणं तुम्ही वेगवेगळी करून सांगितलीत, म्हणून उपायही सापडले. टाकी नोझलपेक्षा उंच असेल तर बंद पंपातूनही पाणी उतरत राहतं, म्हणून टाकी नेहमी नोझलच्या खाली. लाइनमध्ये हवा अडकली असेल तर ती दाबली जाते आणि पंप थांबल्यावर पाणी पुढे लोटते, म्हणून शेवटचं नोझल काढून हवा घालवायची. तिसरं, पाइपच दाबाने थोडा फुगतो. त्यासाठी सोलेनॉइड पंपाजवळ न लावता नोझलच्या अगदी आधी लावायचा, पंपाच्याच दोन तारांवर समांतर. मग बंद होताना पुढे वीतभरच पाइप उरतो. नोझलही आत गोळी आणि स्प्रिंग असलेलंच घ्यावं.

आणि फ्लोट स्विच! मशीनमध्ये तो टाकी भरली की पंप तोडतो. आपल्याला नेमकं उलटं हवं, टाकी रिकामी झाली की पंप थांबायला हवा, नाहीतर पंप कोरडा फिरून आतला रबरी पडदा, डायफ्राम, जातो. तुम्ही दांडीवरची क्लिप काढलीत, तरंगता गोळा उलटा करून बसवलात आणि काम झालं. हा गोळा बहुतेक फ्लोटमध्ये उलटा होतो, पण बसवण्याआधी मीटरने तपासायचंच.

पाण्याबद्दल तुमचं म्हणणं अनेकांनी आधी मनावर घेतलं नव्हतं. बोअरचं जड पाणी कितीही गाळलं तरी क्षार विरघळलेले असतात, पाच मायक्रॉनचा फिल्टर फक्त गाळ अडवतो. फवारा थांबल्यावर नोझलच्या तोंडाशी थेंब वाळतो, क्षार तिथेच राहतात, आणि काही आठवड्यांत फवारा वाकडा होतो. काचेवर पांढरे डाग पडतात ते वेगळेच. म्हणून आरओचं पाणी, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) 50 च्या आत. मशीनमधून वाया जाणारं पाणी इथे मुळीच नाही, त्यात क्षार आणखी वाढलेले असतात. एसीचं टपकलेलं पाणीही नको, त्यात धूळ, जंतू आणि धातूचा अंश असतो. बुजलेलं नोझल रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवून धुवायचं. सुई घालायची नाही, भोक जरासं मोठं झालं तरी फवाऱ्याची पिचकारी होते.

नळाला रोज पाणी येत नसलेल्या शहरात साठवण आलीच. टाकी गडद रंगाची, म्हणजे शेवाळ धरत नाही, आणि झाकण घट्ट, म्हणजे डासांना जागा नाही. ती गच्चीवर ठेवू नये, मे महिन्यात ते पाणी अंगावर घालण्यासारखं राहत नाही. आठवड्याला टाकी धुऊन लाइनमधलं शिळं पाणी बादलीत सोडून द्यायचं.

टायमर डिजिटल, आत बॅटरी असलेला आणि मिनिटाहून कमी वेळही लावता येणारा. पंधरा-पंधरा मिनिटांच्या खुंट्यांचा टायमर पिंजऱ्याचं तळं करतो, शिवाय लाईट गेली की तेवढा मागे पडतो. ठरावीक अंतराने चालणारे सायकल टायमर आपल्याकडे धोक्याचे, कारण त्यातले बरेच लाईट येईल तेव्हा पहिल्यापासून सुरू होतात आणि लाईट पाच वेळा गेली-आली की पाच वेळा फवारा. अडॅप्टर पिंजऱ्याबाहेर भिंतीवर, वायर प्लगच्या खाली झोळीसारखी सोडलेली, बोर्डाला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. नोझलची तोंडं बल्बकडे नकोत, तापलेल्या काचेवर थेंब पडला की ती तडकते.

वेळा अशा बसल्या आहेत: सकाळी दिवे लागताना दोन मिनिटं, दुपारी दोनदा दीड-दीड मिनिट, आणि शेवटची एक मिनिट, दिवे मालवायच्या दोन तास आधी. ओलावा चढला पाहिजे तसा उतरलाही पाहिजे. रात्रभर ओलं आणि कोंदट राहिलं तर बुरशी येते, पोटाखालची कातडी कुजते, श्वास घरघरतो. म्हणून वरची जाळी झाकून टाकायची नाही. ओलावामापक मध्यावर, सावलीत, फवाऱ्यापासून दूर. त्यावर थेंब पडला की तो 99 वर अडकतो आणि आपली फसगत होते. पावसाळ्यात दुपारचे दोन्ही बंद.

पत्र वाचून कोणी प्राणी आणायला निघणार असेल तर एवढंच: इग्वानाची नोंद 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते, आणि घोरपड किंवा तारा कासव पाळणं हा गुन्हा आहे.

मामा, अंगणातल्या जास्वंदीची फांदी पिंजऱ्यात ठेवली की सकाळच्या फवाऱ्यानंतर इग्वाना पानापानावरचं पाणी चाटत फिरतो. एकदा येऊन बघा. आणि एक विनंती आहे. जुन्या मशीनमधले चालू सोलेनॉइड आणि फ्लोट भंगारात टाकू नका, बाजूला ठेवा. आम्ही रीतसर पैसे देऊन घेऊन जाऊ. जुळे सोलापुरात आणि होटगी रोडला आणखी दोन पिंजरे या उन्हाळ्याआधी पुरे करायचे आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले,
सोलापुरातले इग्वाना पाळणारे