बाबांचे कान आणि आईची गोळी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवाळीला बेळगावच्या आपल्या वडगावला आले तेव्हा दोन गोष्टी पाहिल्या आणि पुण्याला परतल्यापासून त्या मनातून जात नाहीत. बाबा, चार माणसांत काही समजत नाही आणि पुन्हा पुन्हा विचारायला संकोच वाटतो, असे म्हणून तुम्ही गुरुवारच्या भजनाला गेला नाहीत. कट्ट्यावर एकटेच बसून राहिलात. आई, रक्तदाबाची गोळी तू एक दिवसाआड घेतेस, हे मला डब्यात उरलेल्या पाकिटांवरून कळले. दोघांनाही विचारले, तर उत्तर एकच मिळाले, "आता वय झाले." ते मला पटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गल्लीच्या टोकाचे निवृत्त गुरुजी बाबांपेक्षा वयाने मोठे आहेत, तरी ते रोज सकाळी फिरायला जातात, वर्तमानपत्र वाचतात आणि सहा महिन्यांनी न चुकता तपासणी करून घेतात. त्यांना दर महिन्याला ठरलेले निवृत्तिवेतन मिळते. बाबा, तुम्ही 14 व्या वर्षी दुसऱ्याच्या यंत्रमागावर कापड विणायला उभे राहिलात आणि 44 वर्षे धोट्याच्या खडखडाटात काढलीत. त्या कामाला ना भविष्यनिर्वाह निधी होता, ना आजारपणाची पगारी रजा. दिवसाचे आठ तास 85 डेसिबलहून मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले, तर कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज बहुधा याहून मोठाच असतो. तेव्हा तुमचे कान वयाने थोडे आणि मागाने फार गेले आहेत. ज्या खडखडाटावर आमची शाळेची फी भरली गेली, त्याचीच ही किंमत आहे, हे मी विसरू शकत नाही.

लंडनच्या सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. पुढे मायकेल मार्मट या ब्रिटिश संशोधकांनी त्यातून दाखवून दिले की हुद्दा जितका खालचा, तितके हृदयविकाराने मरण येण्याचे प्रमाण अधिक. ही सारी माणसे कचेरीत काम करणारी होती, कोणी उपाशी नव्हते आणि उपचारही त्यांना मोफत मिळत होते. तिथे इतका फरक पडत असेल, तर मागावरचा कामगार आणि चौथीतून शाळा सोडून मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसलेली मुलगी यांच्या म्हातारपणावर किती पडत असेल, याचा विचार करावा.

आई, हे तुझ्यासाठी लिहिते आहे. सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर उरेल ते खायचे, स्वतःच्या औषधाला पैसे काढायचे झाले की हात आखडायचा, ही सवय तुला कमी पैशांतल्या संसाराने लावली. मात्र रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेऊन पैसे वाचत नाहीत. दाब वर-खाली होत राहतो आणि मेंदू, हृदय, मूत्रपिंड यांना इजा होते. तो खर्च आपल्याला झेपणार नाही. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात आणि कर्नाटक सरकारच्या नम्म क्लिनिक या दवाखान्यांमध्ये विनामूल्य देतात, आणि कधी तिथे संपली असली तरी जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात. शक्ती योजनेमुळे 2023 पासून तुला कर्नाटकात बसचे तिकीट पडत नाही आणि तू खानापूरला मावशीकडे वरचेवर जाऊ लागलीस, याचा मला फार आनंद आहे, कारण माणसांत जाणे हेही औषधाइतकेच गरजेचे आहे.

बाबा भजनाला गेले नाहीत, याची काळजी मला त्यासाठीच वाटते. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या 14 गोष्टी नोंदवल्या, आणि त्यांत अल्पशिक्षण, उच्च रक्तदाब, ऐकू कमी येणे आणि एकाकीपणा या चारही गोष्टी आहेत. आपल्या घरात त्या चारही आहेत. शिक्षणाचे आता काही करता येत नाही, पण उरलेल्या तिन्हींवर उपाय आहे.

श्रवणयंत्राचा अर्ज तुम्ही दोनदा घरी आणून तसाच ठेवलात. तुम्ही बाजारात कन्नड उत्तम बोलता, परंतु ते वाचता येत नाही आणि खिडकीवरच्या माणसाला विचारायची लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. दुखणे सांगायला आणि उपचार समजून घ्यायला आपली भाषा हाताशी नसली की माणूस दवाखान्याची पायरीच टाळतो. सीमाभागातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांचे असे होते. मी शाळेत कन्नड शिकले आहे, मी वाचून भरून देईन. राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना श्रवणयंत्र, चष्मा, कवळी, काठी दिली जाते. आपल्या शिधापत्रिकेवर त्याची चौकशी करू. तिथे जमले नाही, तर यंत्र मी विकत घेईन. त्याला कृपा करून "लेकीवर भार" म्हणू नका.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी रात्रीच्या बसने निघते. सोमवारी सकाळी जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी करून घेऊ, त्यासाठी मी दोन दिवसांची रजा काढली आहे. बाबा, आधार आणि शिधापत्रिकेच्या दोन-दोन प्रती काढून ठेवाव्यात. आई, तोवर गोळी रोज घे. आल्यावर मी पाकिटे मोजणार आहे.

तुमची लेक